शीड आखडणाऱ्याला भित्रा म्हणू नका

शिडाच्या नावेची हौस असलेल्या मंडळींत एक मत घट्ट रुजून बसलं आहे. वारा चढला, नाव कलली, कड पाण्याला टेकली, तरी शीड पूर्णच ठेवायचं. दोरी हातात आवळून धरायची, वाऱ्याकडच्या कडेवर अंग बाहेर टाकून बसायचं आणि नाव पळवायची. जो शीड आखडतो, म्हणजे हल्लीच्या भाषेत रीफ घेतो, तो कच्चा. या मताला तीन आधार दिले जातात. कललेली नाव जास्त पळते, शर्यतीत कुणी शीड कमी करत नाही, आणि आपल्या आरमाराने तर भर वाऱ्यात फिरंग्यांना पळता भुई थोडी केली होती. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर मोठ्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा सोडून दिलं. आता नव्याने शिकणारी पोरं तेच बोलू लागली आहेत, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. हे मत चुकीचं आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर ते जिवावर बेतू शकतं.

आधी वाऱ्याचा हिशेब पाहू. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १० नॉटचा वारा १५ नॉट झाला की जोर सव्वादोनपट होतो, २० नॉट झाला की चौपट. जानेवारी ते मे या दिवसांत रत्नागिरीला हा अनुभव बहुतेक रोज येतो. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, ऊन वर येतं तशी ती मरते, मधे काही काळ समुद्र पडून राहतो. मग वायव्येकडून खारा वारा लागतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला तो भरात येतो. सकाळी ज्या शिडाने नाव जेमतेम सरकत होती तेच शीड दुपारी कितीतरी पट ओढ घेऊन उभं असतं. नाव तीच, माणसं तीच, त्यांची वजनंही तीच. कडेवर बसून नाव सरळ धरणारं वजन वाऱ्याबरोबर वाढत नाही. मग वाढलेला जोर कुठे तरी जाणारच, आणि तो नावेला आडवी पाडण्यात जातो.

कललेली नाव पळते, या म्हणण्यात खरं तेवढंच की बेताचं कलणं नावेला सोसतं. अगदी मंद वाऱ्यात तर नाव मुद्दाम थोडी कलवतात, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने पोट धरतं. पण वीस-पंचवीस अंशांच्या पुढे गोष्ट उलटते. भाट्याच्या खाडीबाहेर दुपारी अशी नाव जवळून पाहावी. शिडाचा जोर आता नावेच्या मध्यावर न राहता बाजूला, पाण्यावर लोंबत असतो, म्हणून नाळ सारखी वाऱ्याकडे वळू पाहते. ती वळू नये म्हणून सुकाणूचा दांडा धरणारा दोन्ही हातांनी तो छातीशी ओढून धरतो. पाण्याखाली सुकाणूचं पान त्यामुळे इतकं तिरकं होतं की ते वळवण्यापेक्षा नावेला अडवण्याचंच काम करतं. मागे पाणी खळाळत फुटतं आणि त्या आवाजाला लोक वेग समजतात. वाऱ्याआडच्या कडेवरून पाणी आत येऊ लागतं. मग एक झोत येतो, सुकाणूचं पान अर्धं पाण्याबाहेर निघतं, त्याची पकड सुटते, आणि नाव कुणाचं न ऐकता गर्रकन वाऱ्यात तोंड घालते. शीड फडफडतं, नाव जागच्या जागी थांबते, पुन्हा कलते, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने किनाऱ्यावरच्या एखाद्या माडाची खूण धरून पाहिलं तर ही नाव पुढे थोडीच गेलेली दिसते. आडवी मात्र पुष्कळ सरकलेली असते.

माझा सगळा आक्षेप या आडव्या सरकण्यावर आहे. नावेच्या पोटाखालचं कील किंवा सेंटरबोर्ड पाण्यात उभं असतं तोवर ते आडवं सरकणं रोखतं. नाव जितकी कलते तितकं तेही आडवं होतं आणि त्याची पकड जाते. म्हणजे वाऱ्यावर मात करून वर जायला जे लागतं, तेच फाजील शिडाने हातातून जातं. आता आपला किनारा आठवा. दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. मिऱ्याच्या डोंगरापासून भगवतीच्या किल्ल्यापर्यंत आणि खाली पावस-पूर्णगडपर्यंत जिथे जिथे नाव आडवी सरकेल तिथे तिथे कातळ आहे, नाही तर लाट फुटणारी वाळू. काजळी नदीचं तोंड गाळाने भरलेलं. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वारा असला की तिथल्या लाटा उभ्या राहतात. अशा ठिकाणी वाऱ्याकडे चढून जाता येणं हाच नावेचा जीव. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाच्या वेळी बसरा स्टार हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. त्याला शीड नव्हतं, पोलादी अंग होतं, तरी वाऱ्याने ते ढकलत आणलं. छोट्या नावेला त्या वादळाची गरज नाही. चैत्रातली एक साधी दुपार पुरते.

यावर हमखास उत्तर येतं की झोत आला की मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, सैल सोडावी, वारा शिडातून निघून जातो, झालं. झोतापुरतं हे खरंच आहे, आणि प्रत्येक शिकाऊ मुलाच्या हाताला ती सवय लागलीच पाहिजे. मेनशीट कधीही गाठ मारून बांधायची नसते, ती याचसाठी. पण झोत म्हणजे काही क्षणांची गोष्ट. तासभर टिकणाऱ्या वाऱ्यात तासभर शीट सैल ठेवून चालणारा माणूस नाव चालवत नसतो, फडफडणारं कापड सांभाळत असतो. फडफडणारं शीड ओढ देत नाही, उलट वाऱ्याला अडवून नावेला मागे खेचतं. शिवण उसवते, शिडाखालचा बूम डोक्यावर आपटतो, आणि एकट्या पुढच्या शिडावर भार आला की नाव वाऱ्याकडे चढतच नाही. शीट पुन्हा पुन्हा सोडावी लागते आहे, मोठ्या शिडाचा पुढचा भाग सतत थरथरतो आहे, दांडा दोन बोटांनी धरता येत नाही, या तीन खुणा दिसल्या की शीड जास्त झालं. त्याला दुसरा अर्थ नाही.

मधल्या पायऱ्या आहेत, त्याही नाकारण्याचं कारण नाही. शीड चपटं करता येतं. बूमच्या टोकाची आउटहॉल ताणावी, पुढच्या कडेची कनिंगहॅम खाली खेचावी, म्हणजे पोट कमी होतं आणि ते पुढे सरकतं. ट्रॅव्हलर असेल तर तो वाऱ्याआड उतरवावा. जिबच्या, म्हणजे पुढच्या शिडाच्या, शीटची कप्पी मागे घेतली की त्याचा वरचा भाग उघडतो आणि उंचावरचा जोर सुटतो. नाळ किंचित वाऱ्याकडे धरून शिडाची पुढची कड जराशी हलू देणं हाही उत्तम उपाय आहे. चांगला माणूस हे सगळं करून पाच-सहा नॉट जादा वारा पचवतो. त्यापुढे मात्र कापडच कमी करावं लागतं, आणि तिथे लोकांचा अभिमान आड येतो.

रीफमध्ये नेमकं काय होतं ते आकड्यात पाहा. आठ मीटर उंचीचं त्रिकोणी शीड रीफ घेऊन सात मीटर केलं की क्षेत्रफळ साधारण २३ टक्क्यांनी घटतं. पण जोराचा मध्यही उंचीच्या प्रमाणात खाली येतो, म्हणून बूमपासून मोजलेली वाकवणारी ओढ जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. एक मीटर कापड गुंडाळल्याने एवढं साधतं. नाव सरळ होते, कील पुन्हा पाण्यात उभं राहतं, दांडा हलका होतो, आणि अनेकदा नाव पहिल्यापेक्षा वेगाने वाऱ्याकडे चढू लागते. ज्यांनी हे एकदा अनुभवलं ते पुन्हा पूर्ण शिडाचा हट्ट धरत नाहीत.

रीफ घेण्याची रीतही अवघड नाही. नाव वाऱ्याला तिरकी धरून जिबवर हळू चालू ठेवायची, मेनशीट आणि व्हँग सैल करायची, शीड वर चढवणारी हॅलयार्ड खुणेपर्यंत उतरवायची, पुढच्या कडेचं कडं बूमच्या आकड्यात अडकवायचं आणि हॅलयार्ड पुन्हा कडक ताणायची. मग मागच्या कडेची दोरी खेचून ती बूमला घट्ट बसवायची, शेवटी मेनशीट हळूहळू भरायची. चुकतं ते मागच्या दोरीत. ती अर्धवट खेचली की शिडात पोट राहतं आणि रीफ घेऊनही नाव कलतेच. मग लोक म्हणतात की रीफचा उपयोग नाही. सरावलेल्या दोघांना हे काम दोन-तीन मिनिटांचं. मात्र मोठं शीड कमी केल्यावर पुढचंही त्या मानाने लहान करावं लागतं. पुढचं मोठं आणि मागचं लहान राहिलं तर नाव वाऱ्यापासून दूर पळू लागते. एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं २७ फुटी व्हेलर नावांवर शिकतात. व्हेलरला जिब, मेन आणि मिझन अशी तीन शिडं असतात. तिथे वारा चढल्यावर मागचं मिझन आधी उतरवलं की वाऱ्याकडे वळण्याची ओढ लगेच घटते. शिडांचा तोल म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगायला याहून चांगलं साधन नाही.

सगळ्यात फसवी वेळ वारा पाठीशी असताना येते, आणि पूर्ण शिडाचे कैवारी तिच्याबद्दल कधीच बोलत नाहीत. दुपारी बाराला भाट्याहून पूर्णगडाकडे निघालात तर वायव्य वारा मागून लागतो. वारा १८ नॉट, नाव सहा नॉट पळते, म्हणजे अंगाला लागणारा वारा १२ नॉट. नाव सरळ, सगळे खुशीत, कुणी शर्ट काढून बसलेला. पावसच्या समोर परत फिरायचं ठरतं. नाळ वाऱ्याकडे वळताच तोच १८ नॉटचा वारा नावेच्या वेगाची भर पडून २२ नॉटच्या घरात जातो. १२ चा २२ म्हणजे शिडावर तिपटीहून जास्त जोर, तोही नाव आडवी असतानाच्या क्षणी. शिवाय तोवर दुपार चढलेली असते आणि घर वाऱ्याच्या दिशेला असतं. म्हणून वळण्याआधी, नाव सरळ आणि डोकं शांत असताना, रीफ घेऊन ठेवायचा. किनाऱ्यापासून लांब असताना घ्यायचा, कातळ जवळ आल्यावर तेवढं पाणी उरलेलं नसतं.

आता आरमाराचा दाखला. तो अभिमानाने दिला जातो आणि तो अभिमान मलाही आहे, म्हणूनच त्याचा असा वापर सहन होत नाही. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं कशी लढत, हे त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवलं आहे. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराचं वर्णन प्रसिद्ध आहे. गुराब उथळ तळाची, बहुधा दोन डोलकाठ्यांची. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडलेला असला की गलबतं गुराबांना दोरांनी ओढत शत्रूच्या जहाजामागे नेत, आणि मागून तोफा चालवत. म्हणजे मोठं जहाज वाऱ्याविना हतबल असतं त्या वेळेचा हे लोक फायदा घेत. उथळ तळाच्या नावेला जोराच्या वाऱ्यात आडवं सरकणं जास्त, हे त्यांना ठाऊक असणारच. पावसाळ्यात ही सगळी जहाजं खाड्यांत ओढून ठेवलेली असत. विजयदुर्गची वाघोटन, जयगडची शास्त्री, या खाड्या त्या आरमाराचं घर होत्या. कधी बाहेर पडायचं आणि कधी नाही, या अकलेवर ते आरमार उभं होतं. त्यांच्या नावाने पूर्ण शिडाचा हट्ट धरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जुन्या गलबतांना रीफच नव्हता, असंही सांगतात. अरबी समुद्रातल्या तिरक्या परबाणावरच्या, म्हणजे शीड बांधायच्या लाकडावरच्या, शिडाला आजच्यासारखा रीफ घेण्याची चाल सहसा नव्हती, हे खरं. पण ते लोक वेगळी गोष्ट करत. परबाण खाली घेऊन मोठं शीड सोडत आणि त्याच्या जागी धाकटं बांधत. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ मध्ये कुवेती गलबतावरून हिंडला. ‘सन्स ऑफ सिंदबाद’ या पुस्तकात त्याने या खलाशांची कामाची पद्धत बारकाईने टिपली आहे. लहान-मोठी शिडं जवळ बाळगायची आणि वाऱ्याप्रमाणे बदलायची. परबाणासह अख्खं शीड उतरवून दुसरं चढवण्याचे कष्ट घेणारी माणसं आजच्या एका हॅलयार्डच्या कामाला भित्रेपणा म्हणाली असती का? आपल्या उलांडीच्या होडीवरही हाच विवेक लागतो. तिची उलांडी पाण्यात असेतो होडी कलत नाही, आणि म्हणूनच ती इशारा देत नाही. उलांडी पाण्याखाली दबली किंवा वर उचलली गेली की वेळ निघून गेलेली असते. तिथे वारा पाहूनच शीड कमी करायचं असतं.

शर्यतीचं म्हणाल तर आयएलसीए ही जगभर चालणारी एका माणसाची शर्यतीची नाव घ्या. तिचं अंग एकच, शिडं तीन: ७.०६ चौरस मीटर, ५.७६ आणि ४.७. चालवणाऱ्याच्या वजनाला झेपेल ते शीड लावायचं. ऑलिंपिकमध्ये स्त्रिया मधल्या शिडावर उतरतात, आपली नेत्रा कुमनन त्यावरच उतरली. त्यांना कच्चं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीचा धडा तर मुंबईत बांधलेल्या नावेनेच दिला आहे. सुहैली ही ३२ फुटी सागवानी नाव मुंबईत बांधली गेली. १४ जून १९६८ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून इंग्लंडच्या फाल्मथहून एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांत एवढा एकच पोचला. नाव संथ होती, जड होती, पण ती आणि तिचा माणूस दोघं शाबूत आले. त्याच शर्यतीत नायजेल टेटली ‘व्हिक्ट्रेस’ या तीन अंगांच्या नावेवर होता. जगाला वळसा घालून तो आपल्या जुन्या वाटेपर्यंत पोचलेला होता. मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट वेगाने येतो आहे अशा बातम्या त्याला मिळाल्या. त्या खोट्या होत्या, क्रोहर्स्ट अटलांटिक सोडून कुठे गेलाच नव्हता. टेटलीने आधीच खिळखिळ्या झालेल्या नावेला आणखी दामटलं. मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या आसपास, घरापासून सुमारे ११०० सागरी मैलांवर, व्हिक्ट्रेस वादळी वाऱ्यात फुटून बुडाली. टेटली वाचला. हिंमत त्याच्यात कमी नव्हती. ज्याने प्रदक्षिणा केलीच नव्हती त्या प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने त्याने नावेला झेपेल त्याहून जास्त चालवलं.

आपल्याकडचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’वरून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली, ती करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी नाव, आणि तिच्यावर एकटा माणूस. एवढ्या मोठ्या शिडाशी दक्षिण महासागरात अभिमानाची झुंज खेळून कुणी घरी येत नाही.

विरुद्ध बाजूच्या एका मुद्द्याला मात्र मी मान देतो. शीड फार कमी केलं तरी नाव अडते. आपल्याकडे दुपारी लाट आखूड आणि उभी असते. प्रत्येक लाटेवर नाव आपटते, आणि अंगात जोर नसेल तर ती तिथेच थबकते, वाऱ्यातून वळताना अर्ध्यावर अडकते. म्हणून घाबरून एकदम दोन रीफ घेऊन बसणंही चूक. अशा लाटेत शीड कमी करून जे उरेल ते थोडं पोटदार ठेवावं. पूर्ण शीड ताणून पाटीसारखं चपटं करण्यापेक्षा लहान आणि भरलेलं शीड लाट जास्त चांगली कापतं. पण हा वाद किती आखडावं याचा आहे. आखडूच नये, हे त्यातून निघत नाही.

इंजिन आहे ना, या सबबीवर जास्त शब्द खर्च करत नाही. उभ्या लाटेत मागच्या कडेला टांगलेल्या आउटबोर्डचा पंखा दर दुसऱ्या लाटेला हवेत फिरतो, आणि मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराच्या आसपास पाण्यात जाळ्यांच्या दोऱ्या असतात. इंजिनवर भिस्त ठेवून पूर्ण शीड घेऊन बाहेर जाणारा माणूस एका बिघाडावर दोन संकटं ओढवून घेतो.

मिरकरवाड्याचे तांडेल काय करतात ते पाहा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की ट्रॉलर आत येतात, लाखोंचं डिझेल आणि मासळी असलेल्या फेरीवर पाणी सोडून येतात. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. हौशी नावेच्या शिडालाच हा शब्द का चिकटावा?

तेव्हा शिकवणाऱ्यांकडे माझी सरळ मागणी आहे. ज्या नावेच्या शिडाला रीफची कडी आणि दोऱ्या नाहीत, ती मुलांना घेऊन दुपारी खाडीच्या तोंडाबाहेर काढू नका. पहिला रीफ आधी वाळूवर, नाव उभी करून, मुलांच्या हातून घेववा, इतक्या वेळा की मागची दोरी न बघता कडक बसेल. निघण्याआधी भगवतीच्या किल्ल्यावरून समुद्र पाहा. पांढरा फेस तुरळक असेल तर वारा दहा नॉटच्या आसपास आहे, जिथे तिथे फेस असेल तर तो सतराच्या पुढे गेला आहे. तेव्हा रीफ किनाऱ्यावरच बांधून निघा. वारा पडला तर तो सोडायला काहीच वेळ लागत नाही. आणि शीड आखडणाऱ्या पोराला दुसऱ्या कुणी हिणवलं, तर ते जेटीवरच, सगळ्यांसमोर थांबवा.